दोन मजल्यांच्या मध्ये

मोंतेविदेओच्या जुन्या शहरात
आठ मजली एका इमारतीच्या गच्चीवर
लिफ्टच्या मशीनची खोली आहे. दार माझ्या खांद्याइतकंच.
अडतीस वर्षं वाकून आत शिरतोय,
तरी महिन्यातून एकदा डोकं आपटतंच.

आत ग्रीसचा वास आणि रिलेंची टकटक:
कुणीतरी चौथ्यावरून खाली निघालंय,
कुणीतरी तळाशी बटण दाबून उभं आहे,
पुन्हा दाबतंय.
चेहरे दिसत नाहीत. घाई तेवढी ऐकू येते.

रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो.
नेलिदाला म्हणतो, बस्स झालं आता,
हे गुडघे काय कंपनीच्या नावावर केलेत?
ती मान डोलावते. पेन्शनचा फॉर्म
फेब्रुवारीपासून फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली.
सगळे रकाने भरलेत, एक सोडून.
कामाचा शेवटचा दिवस, असं विचारलंय तिथे.

आणि सोमवारी दहाच्या सुमारास
दोन्ही हात कोपरापर्यंत काळे,
मी शीळ घालत असतो.
मला नाही, मायकोलला ऐकू येते ती.
"हेबेर, आज खुशीत?"
मी गप्प होतो, चोरी पकडल्यासारखा.

मायकोल चोवीसचा. लॅपटॉप जोडतो,
पडद्यावर आकडा येतो, आकड्याला उत्तर असतं.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकतो.
मंगळवारी त्याने चार मिनिटांत बिघाड शोधला.
मी अजून डोळे मिटूनच उभा.
पाठ थोपटली त्याची, अगदी मनापासून.
मग खाली व्हॅनमध्ये जाऊन बसलो,
थर्मासमधून येर्बाचा कडू चहा ओतला
आणि निवेपर्यंत तोंडाला लावला नाही.

सुटल्यासारखं वाटलं?
वाटलं.
लुटल्यासारखं?
तेही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं हे काम.

पाचव्या मजल्यावरच्या दोन्या एर्मिनियाने
क्विन्सची वडी कागदात गुंडाळून दिली.
एक्याण्णव वर्षांची आहे.
"तू गेल्यावर मला वर कोण आणणार?"
मायकोल आणेल.
"त्याला माझं नाव ठाऊक आहे?"
इमारतीचा नंबर ठाऊक आहे त्याला,
हे मी बोललो नाही.

एकदा, चौऱ्याण्णव साली, याच जाळीच्या आत
विम्याचा एजंट अडकला होता, दोन तास.
सुटाबुटातला माणूस, लहान मुलासारखा रडत होता.
पुली तुटलेली, नवी यायची होती,
मग मी जिन्यात बसून जाळीतून बोट आत घातलं.
त्याने धरून ठेवलं.
बाहेर आल्यावर टाय नीट केला
आणि मागे न बघता निघून गेला.
आता कुणी विचारलं, इतक्या वर्षांत केलंस काय,
तर आधी ते बोट आठवतं.
पगारवाढी नाही आठवत.

मायकोलला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
केबिन वर जाते तेव्हा विहिरीतून
लोखंडाचं वजन खाली उतरत असतं.
रिकाम्या केबिनपेक्षा जड,
भरलेल्या केबिनपेक्षा हलकं.
"मग बरोबरी कधी होते?"
निम्मी भरली की, मी म्हणालो.
तेव्हा मी फक्त लिफ्टबद्दल बोलत होतो.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या.
पूर्वी एका दमात चढायचो,
आता एकतिसावीवर टेकतो.
खिडकीतून नदीची एक फीत दिसते, तपकिरी, समुद्राएवढ्या नदीची.
खिशात किल्ल्यांचा जुडगा रुततो,
सत्तावीस इमारतींच्या गच्च्या.
काढून मांडीवर ठेवला.
वजन केवढं असतं याचं,
आणि खिशाला ते कळलंच नाही कधी.

वरून नेलिदाचा आवाज: "अडकलास का रे?"

येतोय, म्हणालो.
लगेच उठलो नाही.